पावती मोडण्यापूर्वी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त कौंडण्यपूर येथे झालेल्या कौटुंबिक मेळाव्यातील भाषण. बोललो तसेच ठेवले आहे. काही आकडे घरी येऊन कागद पाहून नीट केले.)



सकाळी अमरावतीहून निघालो, कुऱ्ह्याला चहा झाला, रुक्मिणीमातेचं दर्शन झालं, वर्धा नदीच्या काठावर फोटोही झाले. आता जेवणाचा वास येतो आहे. अशा वेळी भाषण करणाऱ्याकडे लोक कोणत्या नजरेने पाहतात, हे मी 34 वर्षं बँकेच्या कार्यक्रमांत पाहिलं आहे. म्हणून लवकर आटोपतो.

सचिव साहेबांनी मला ‘सोसायटीची 25 वर्षं’ हा विषय दिला होता. टाकी कशी बांधली, टँकरचे दिवस कसे काढले, पहिली लिफ्ट कशी बसली, हे सगळं इतर वक्ते सांगतीलच. मी विषय बदलून मागितला. मला ऑटिझमबद्दल, म्हणजे स्वमग्नतेबद्दल बोलायचं आहे. त्यातही त्यावरचे उपचार तपासून कसे पाहतात, याबद्दल.

कारण तुम्हाला माहीत आहे. लिफ्टसमोर उभा राहून दोन्ही हात पाखरासारखे हलवणारा नऊ वर्षांचा मुलगा, तो माझा नातू. काही जण मला जिन्यात थांबवून हळूच विचारतात, “साहेब, नातू काहून बोलत नाही?” आज सगळ्यांना एकदमच सांगतो.

ऑटिझम हा ताप-खोकल्यासारखा आजार नाही. मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. बोलणं, नजर, खेळ, आवाज सहन होणं, सगळ्यावर तिचा परिणाम होतो, आणि प्रत्येक मुलात तो वेगळा दिसतो. 1943 मध्ये अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी 11 मुलांचं वर्णन केलं, तेव्हापासून हे नाव रुळलं. नंतर बरीच वर्षं काही मोठमोठे तज्ज्ञ म्हणत राहिले की आईच्या थंड वागण्याने मूल असं होतं. ते साफ चूक निघालं. लसीमुळे होतं असं 1998 मध्ये एका ब्रिटिश डॉक्टरने 12 मुलांवरून सुचवलं. तो लेखही ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, प्रमाणपत्र मिळतं.

आता कबुली. नातू तीन वर्षांचा असताना डॉक्टरांनी निदान सांगितलं, त्या रात्री मी सूनबाईला म्हणालो, “तू त्याच्या हातात मोबाइल दिला, म्हणून हे झालं.” ती काही बोलली नाही. तज्ज्ञांची जी चूक मी आता सांगितली, तीच मी घरात केली होती. सूनबाई समोर बसली आहे. घरी माफी मागून झाली आहे, पण आरोप मी चार लोकांत पण केला होता, म्हणून आज चार लोकांत मागतो.

दुसरी चूक पैशाची. एका मोठ्या शहरातल्या एका ठिकाणाचा पत्ता कोणीतरी दिला. नाव सांगत नाही. तिथे म्हणाले, स्टेम सेलची इंजेक्शनं द्या, मूल बोलायला लागेल. खर्च चार लाख. भिंतीवर हसऱ्या मुलांचे फोटो होते. मी विचारलं, “किती मुलांना फरक पडला?” उत्तर आलं, “आजोबा, विश्वास ठेवा.” आणि मी ठेवला! ज्या माणसाने सात-बारा, तारण आणि जामीनदार पाहिल्याशिवाय पाच हजारांचं पीककर्ज मंजूर केलं नाही, तो माणूस चार लाखांची मुदत ठेव मोडायला बँकेत जाऊन उभा राहिला.

काउंटरवर माझ्याच हाताखाली शिकलेला एक अधिकारी होता. फॉर्म हातात घेऊन म्हणाला, “सर, पावती मोडतो. पण तुम्हीच शिकवलं होतं, आधी कागद पाहायचे. यांचे कागद पाहिले का?” मी फॉर्म परत घेतला आणि घरी आलो. पुढचे कित्येक महिने मुलगा, सून आणि मी कागदच पाहत होतो. त्यातलं थोडं तुम्हाला सांगतो.

1998 मध्ये अमेरिकेत तीन मुलांना सिक्रेटिन नावाचं संप्रेरक दिलं गेलं. ते खरं तर पोटाच्या तपासणीसाठी वापरतात. त्यानंतर ती मुलं बोलू-पाहू लागली, असा अहवाल आला. बातमी पसरली आणि हजारो आईबाप ते औषध मिळवायला धावले. मग संशोधकांनी 60 मुलं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला सिक्रेटिनचा एक डोस, दुसऱ्या गटाला नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय दिलं हे आईबापांना माहीत नव्हतं, मोजणाऱ्यांनाही नव्हतं. चार आठवडे मोजमाप केलं. डिसेंबर 1999 मध्ये निकाल छापून आला: दोन्ही गटांतली मुलं थोडी सुधारली, आणि सारखीच सुधारली. म्हणजे औषधाचा गुण शून्य.

मग मिठाच्या पाण्याने मुलं कशी सुधारली? मूल वाढतच असतं, दिवस बरे-वाईट असतात, आणि आपण आशेने पाहायला लागलो की नेहमीची गोष्टही नवी वाटते. म्हणून तर दुसरा गट लागतो. तो नसता तर त्या सगळ्या घरांनी शपथेवर सांगितलं असतं की औषध लागू पडलं.

या अभ्यासातली एक ओळ वाचून मी चष्मा काढून ठेवला. निकाल सांगितल्यावरही त्यातल्या 69 टक्के आईबापांनी म्हटलं, आम्हाला या औषधात अजून रस आहे. त्यांना हसू नका बाप्पा. मी त्यांच्यातलाच एक आहे.

आता स्टेम सेल. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठाने 180 मुलांवर नाळेच्या रक्ताचा प्रयोग केला, याच दोन गटांच्या रीतीने. 2020 मध्ये निकाल आला. सामाजिक वागणुकीचं जे मुख्य मोजमाप आधीच ठरवलं होतं, त्यात दोन गटांत दखल घ्यावा असा फरक निघाला नाही. आपल्याकडे आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात की रक्ताचे काही ठरावीक आजार सोडले, तर स्टेम सेल हा उपचार म्हणून द्यायचाच नाही. फक्त संशोधन म्हणून, मंजुरी घेऊन, आणि रुग्णाकडून पैसे न घेता. डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने स्पष्टच कळवलं की ऑटिझममध्ये स्टेम सेलची शिफारस नाही, आणि तो देणं किंवा त्याची जाहिरात करणं हे डॉक्टरी गैरवर्तन ठरेल.

मग खरं संशोधन कुठे दिसतं? आपल्या शेजारी, गोव्यात. तिथल्या ‘संगत’ या संस्थेने आणि पाकिस्तानात रावळपिंडीच्या मंडळींनी ब्रिटनमधल्या संशोधकांसोबत एक अभ्यास केला. तो 2016 मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त आला. दोन ते नऊ वर्षांची 65 मुलं. अडचण आपलीच: तज्ज्ञ कमी, शहरं लांब, फी परवडत नाही. म्हणून त्यांनी साध्या आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवून तयार केलं. कार्यकर्ता बारा वेळा भेटायचा. आई किंवा बाबा मुलाशी खेळताना त्याचं व्हिडिओ चित्रण करायचा, आणि मग दोघं मिळून ते पाहायचे. मूल कशाकडे पाहतं? ते काही सांगू पाहतं तेव्हा आपण थांबतो का, की आपलंच घोडं पुढे दामटतो?

निकाल असा की त्या गटातले आईबाप मुलाच्या कलाने जास्त वागू लागले, आणि मुलं आपणहून संवाद जास्त सुरू करू लागली. मात्र दोघांचं लक्ष एकाच गोष्टीवर राहण्याचा वेळ वाढला नाही, उलट कमी निघाला. हेही त्यांनी छापलं. माझा विश्वास बसला तो इथे. ताळेबंदात तोटा दाखवणारा माणूस नफ्याबद्दल खरं बोलत असतो. लक्षात घ्या, मूल ‘बरं होईल’ असं त्यांनी कुठेही म्हटलेलं नाही.

औषधांचंही तसंच. तीव्र चिडचिड, स्वतःला मारून घेणं यासाठी एक-दोन औषधं तपासून मान्य झाली आहेत, ती डॉक्टरांच्या सल्ल्याने जरूर घ्यावीत. पण ऑटिझम घालवणारं औषध आज नाही. स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, वागणूक शिकवण्याच्या पद्धती यांचा उपयोग होतो, पण कोणाला किती, हे मुलागणिक बदलतं. निदान लवकर व्हावं म्हणून जिल्हा पातळीवर सरकारची शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. आधी तिथे जावं.

उद्या तुमच्या ओळखीच्या कोणाला “नवीन उपचार आला आहे” असं सांगितलं, तर बँकेच्या भाषेत तीन कागद मागा.

पहिला, नोंदणी. प्रयोग असेल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल नोंदवहीत, म्हणजे सीटीआरआयमध्ये, त्याचा क्रमांक असतो. 2009 पासून हे सक्तीचं आहे, आणि ती नोंदवही कोणीही फुकट पाहू शकतो.

दुसरा, पावती कोणाच्या नावाची? प्रयोगातल्या उपचाराचे पैसे आपल्याकडून मागितले, तर तो प्रयोग नाही, दुकान आहे.

तिसरा, संमतीपत्र. खऱ्या संमतीपत्रात “फायदा होईलच असं नाही” हे लिहिलेलं असतं, धोके लिहिलेले असतात, आणि कधीही बाहेर पडायची मोकळीक असते. शंभर टक्के हमी देणारा माणूस बँकेतही फसवा असतो आणि दवाखान्यातही.

आता माझ्या नातवाचं. तो आजही बोलत नाही. चित्रांची कार्डं दाखवून पाणी, पोळी, लिफ्ट, नदी मागतो. गोव्याच्या त्या अभ्यासावरून मी एकच गोष्ट शिकलो: शेजारी बसायचं आणि थांबायचं. मघाशी नदीकाठी तुम्ही फोटो काढत होता, तेव्हा आम्ही दोघं पायरीवर होतो. तो पाण्यात खडे टाकत होता. मीही एक टाकला आणि गप्प राहिलो. बऱ्याच वेळाने त्याने एक खडा उचलून माझ्या हातात ठेवला. तेव्हा मला कोणतंही कार्ड लागलं नाही.

हे रुक्मिणीचं माहेर. दरबारात तिचा शब्द चालेना. भाऊ शिशुपालाशी लग्न लावायला निघाला, तेव्हा तिने पत्र पाठवलं. तोंडाने बोलता आलं नाही म्हणून सांगायचं काही नव्हतं, असं थोडंच आहे? पण द्वारकेला ते पत्र वाचणारा होता, हे महत्त्वाचं.

सोसायटीकडे मागणं छोटं आहे. तो लिफ्टसमोर उभा असला तर त्याला हटकू नका, एक फेरी मारू द्या. आपला चौकीदार बटण दाबू देतो, त्याचे मी जाहीर आभार मानतो. गणपतीत स्पीकर लावायच्या आधी आम्हाला फोन करा, आम्ही त्याला फिरायला नेऊ. मुलांनो, तुम्ही त्याला खेळायला बोलवा. तो आला नाही तरी दुसऱ्या दिवशी परत बोलवा.

ती चार लाखांची पावती अजून शाबूत आहे. आम्ही तिच्यावर नातवाचं नाव वारसदार म्हणून लावलं आहे. आम्ही नसू तेव्हा त्याला ती लागेल, आणि तुम्हीही लागाल.

एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो. जेवण तयार आहे. नातू मघापासून पोळीचं कार्ड दाखवतो आहे.