परदेशी स्थळ : आधी कागद, मग अक्षता
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कापसाच्या भावाचं सोडून हा माणूस लग्नाचं काय काढतो, असं तुम्हांला वाटेल. पण मी नुकताच ज्या घरी जाऊन आलो, त्या घरची दोन एकर काळी जमीन भाव पडला म्हणून गेली नाही. मुलीला अमेरिकेतलं स्थळ आलं म्हणून गेली. पंधरा दिवसांत लग्न उरकलं. महिन्याभरात जावई परत गेला. 'व्हिसा येतोय' हे ऐकण्यात दीड वर्ष गेलं. मग टपालाने तिकडच्या कोर्टाचे इंग्रजी कागद आले. घरच्यांना वाटलं, काडीमोड झाला, संपलं. कागद पेटीत गेले. ती नुसती नोटीस होती!

बियाणं घेताना आपण काय करतो? लॉट नंबर पाहतो, पक्की पावती घेतो, पिशवी, लेबल आणि मूठभर बी जपून ठेवतो. उगवलं नाही तर पुरावा हवा. एका हंगामासाठी एवढी काळजी घेणारे आपण, मुलीच्या लग्नात कागद मागायला का लाजतो?

चार गोष्टी गाठीला बांधा.

एक, चौकशी. पासपोर्ट, व्हिसा, नोकरीचं पत्र, तिकडचा पत्ता यांच्या प्रती मागा. आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा पाहा. पहिली बायको असताना केलेलं दुसरं लग्न 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने रद्दच ठरतं. मुलीला मुलाशी स्वतः बोलू द्या. नाही म्हणायचा हक्क तिचा आहे.

दोन, नोंदणी. राज्याच्या 1998 च्या कायद्याप्रमाणे लग्नापासून 90 दिवसांत नोंदणी करायची असते. ती जावई विमानात बसण्याआधी करा.

तीन, यादी. हुंडा देणं-घेणं 1961 च्या कायद्याने गुन्हा आहे. आपखुशीने दिलेल्या वस्तूंची यादी 1985 च्या नियमांप्रमाणे मुलीने ठेवावी, त्यावर दोघांच्या सह्या घ्याव्यात.

चार, मुलीचा पासपोर्ट मुलीकडेच राहील. सगळ्या कागदांच्या प्रती माहेरी ठेवा.

आणि तरीही फसगत झाली तर? इथल्या कायद्यात नसलेल्या कारणावर, मुलीच्या संमतीशिवाय तिकडे घेतलेला घटस्फोट इथे बंधनकारक नाही, हे सुप्रीम कोर्टाने 1991 मध्येच सांगितलं आहे. म्हणून आलेला कागद पेटीत टाकू नका आणि त्यावर सहीही करू नका. आधी वकिलाला दाखवा. 2003 च्या दुरुस्तीपासून मुलगी जिथे राहते तिथल्या कोर्टात अर्ज करू शकते. छळाची तक्रारही माहेरच्या गावाहून करता येते, असा 2019 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला तिथे उत्पन्न न विचारता मोफत वकील मिळतो. फोन 15100. राष्ट्रीय महिला आयोगातही परदेशस्थ नवऱ्यांच्या तक्रारींसाठी वेगळा कक्ष आहे.

त्या मुलीने आता पेटीतले कागद काढले आहेत, ती लढते आहे. पण दोन एकर परत येणार नाहीत. लक्ष्मीमुक्तीच्या वेळी कित्येकांनी घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन केली होती. मुलीला द्यायचंच असेल तर तिच्या नावाचा सातबारा द्या. तो कोणी विमानात घालून नेऊ शकत नाही.

नोंदणीशिवाय आपल्या गावातून एकही मुलगी परदेशी पाठवणार नाही, एवढं इथून ठरवून उठा.