वाळूतलं सोनं

पुण्यात मार्केट यार्डाहून मुठा नदीकाठी गेलात, तर वाळूत सोनं शोधू नका. आपल्या बेसॉल्ट खडकात ते हाती लागण्याजोगं नाही. भंडारा-बालाघाटकडचे खडक वेगळे, फार जुने. तिथल्या नद्यांची वाळू सोनझारी समाजाने पिढ्यान्‌पिढ्या धुतली. जाती-जमातींवरच्या रसेल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथात त्यांची नोंद आहे. केवढी नजर लागते या कामाला! सोनं पाण्याच्या १९ पट जड, वाळू जेमतेम अडीच पट. पसरट पात्र पाण्यात हलकेच फिरवलं की वाळू वाहून जाते, तळाशी काळी रेती उरते. ती वाळवून चुंबकाने लोहकण काढतात. पिठासारखं बारीक सोनं मात्र पाण्यावर तरंगतं; पात्रात साबणाचा थेंब टाकला की बुडतं. सोनं वेगळं करायला पारा अजिबात वापरू नका, त्याची वाफ विषारी असते.