वाळूवरची चूल

मालवण-वेंगुर्ल्याकडे अजून रापण ओढतात. जाळे ओढता ओढता दुपार होते. घरी जेवायला कोण जाणार? चूल वाळूवरच पेटते.

सामान आदल्या रात्री बांधावे. तांदूळ, मीठ, तिखट, आमसुले, टोप, सुरी. काडेपेटी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, नाहीतर काड्या सादळतात. पिण्याचे पाणी घरूनच न्यायचे. समोर एवढा दर्या, पण एक घोट कामाचा नाही!

बांगडा मिळाला की लगेच साफ करा, लगेच शिजवा. काही तास उन्हात पडलेला बांगडा नको. त्यात विष तयार होते. तोंड लाल होते, डोके ठणकते, अंगावर पुरळ उठते. शिजवून ते विष जात नाही. आणि फुगणारा केंड मासा कधीच खाऊ नका. त्याने माणूस दगावतो.

चूल होडीपासून, जाळ्यापासून लांब मांडा. नायलॉनचे जाळे एका ठिणगीने वितळते. आधी भात करा. मग बांगड्याला चिरा देऊन मीठ, तिखट, आमसुलाचा कोळ चोळा आणि निखाऱ्यांवर भाजा. जाळावर धरलात तर बाहेरून करपेल, आत कच्चा राहील. मांस काट्यापासून सुटले की झाला.

उठताना निखाऱ्यांवर वाळू लोटू नका. वरून सगळे थंड दिसते, पण आत विस्तव तासन्‌तास राहतो. पोरे अनवाणी धावत येतात, पाय भाजतात. दर्याचे पाणी ओता, काठीने ढवळा, परत ओता. वर हात धरून बघा. ऊब लागली, तर आणखी एक बादली.