फळ्यापुढे आणि कॅमेऱ्यापुढे

(गोपालपुरा, जयपूर येथे प्रशिक्षक-कार्यकर्त्यांच्या शिबिरास आलेल्या मराठी साथींपुढे केलेले भाषण)



सकाळी आपण गोपालपुरा बायपासवरून आलो तेव्हा क्लासेसच्या पाट्या तुम्ही पाहिल्याच असतील. पटवारी, पोलीस, शिक्षक आणि अर्थातच रेल्वे. आपल्या खात्यात शिरण्यासाठी धडपडणारी पोरे इथे खोल्या घेऊन राहतात. पाटीवर विषयापेक्षा शिकवणाऱ्याचा फोटो मोठा. हाताची घडी, मान किंचित वर. मुलांना तो आवडला नाही तर पुढच्या बॅचला असेलच याची खात्री नाही. म्हणून तो थोडा अभिनय करतो. त्याला मी हसणार नाही, तोही पोटासाठीच उभा आहे.

आपले विद्यार्थी निराळे. ते फी भरून येत नाहीत, हुकमाने येतात. रात्रपाळी उतरून आलेला ट्रॅकमन मान डोलावतो तेव्हा त्याला समजलेच असे नाही. पुष्कळदा त्याचा अर्थ ‘आता सोडा’ असा असतो. खुर्चीत बसून शिकवणाऱ्याला हे दिसत नाही. बाकांमधून फिरा, शेवटच्या रांगेपाशी थांबा, वही पाहा. फळ्याकडे तोंड करून बोलू नका.

देहबोली शिकवणारे लोक एक आकडा फेकतात: शब्दांचा परिणाम ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि चेहऱ्याचा ५५. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन यांच्या १९६७ च्या प्रयोगांतले. त्यांत सुटे शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवून आणि चेहऱ्यांचे फोटो दाखवून बोलणाऱ्याची आवडनिवड ओळखायची होती. धडा शिकवण्याशी त्याचा संबंध नाही. शब्द ७ टक्केच असते तर स्टेशन मास्तरने फोनवर दिलेल्या प्रायव्हेट नंबरावर गेटमनने फाटक का सांभाळावे? तिथे चेहरा नाही, हातवारे नाहीत, सगळा भार शब्दांवर.

मात्र आपल्याच कामात शरीर हाच शब्द असतो, तेही विसरू नका. लाल झेंडी हाताशी नसेल तर दिवसा दोन्ही हात डोक्यावर उंच केले की गाडीने थांबायचे. २०२० च्या टाळेबंदीत मी हा इशारा घरून, मोबाइलवर शिकवला. मोबाइल टेबलावर टेकवलेला, मागे उघडी खिडकी. मी जोरात हात वर केले. पुढे प्रत्यक्ष लाइनवर करून दाखवायला सांगितले, तर एका पोराने हात खांद्याइतकेच उचलले. म्हणाला, “साहेब, तुम्ही एवढंच दाखवलं होतं.” माझे हात चौकटीबाहेर गेले होते आणि खिडकीच्या उजेडाने चेहरा काळा पडला होता. चूक त्याची नव्हती. त्या दिवशी तो लाइनवर एकटा असता आणि समोरून गाडी येत असती तर, हा विचार अजून मनातून जात नाही.

तेव्हापासून मी उजेड समोरून घेतो. मोबाइल डोळ्यांच्या उंचीवर ठेवतो. इशारा दाखवायचा असला की मागे सरकतो आणि डोक्यावरचे हात दिसतात का, हे आधी कुणाला तरी विचारतो. पडद्यावरच्या चेहऱ्यांकडे पाहिले तर समोरच्याला आपली नजर खाली दिसते, म्हणून मुद्द्याचे वाक्य भिंगाकडे पाहून बोलावे. नेटपॅक वाचवायला अर्धी मंडळी आपले चित्र बंद ठेवतात. त्यांना रागावू नका, नाव घेऊन प्रश्न विचारा आणि उत्तराला वेळ द्या.

टपाल खात्यातल्या साथींची अडचण याहून मोठी. ‘डाक कर्मयोगी’ पोर्टल जून २०२२ मध्ये सुरू झाले. पोर्टलवरचा रेकॉर्ड केलेला धडा पोस्टमनचा गोंधळलेला चेहरा पाहू शकत नाही. म्हणून माझे मागणे असे की पडद्यावरच्या प्रत्येक धड्यामागे शंका विचारायला समोर माणूस मिळावा, आणि त्या शिकण्याचा वेळ ड्युटीत धरावा. हा ठराव उद्या आपण मांडू.

आता चहा घ्या. नंतर एकेकाने या मोबाइलपुढे उभे राहून थांबण्याचा इशारा करून दाखवायचा आहे. बाकीच्यांनी पडद्यावर पाहून सांगायचे, हात दिसले की नाही.