पाळीचे आरोग्य : साधन पोहोचले, ज्ञान कधी?



झाशी म्हटले की मराठी मनाला नेवाळकरांचे संस्थान आणि राणी लक्ष्मीबाई यांचे स्मरण होते. राणीच्या नावाने १९६८ मध्ये स्थापन झालेले वैद्यकीय महाविद्यालय याच शहरात आहे. ज्या नगरीची ओळख एका तरुण स्त्रीच्या धैर्याशी निगडित आहे, तेथील तरुणींना स्वतःच्या शरीराविषयी पुरेसे ज्ञान आहे काय, हा प्रश्न बुंदेलखंडाइतकाच साऱ्या देशाचा आहे.

प्रथम आकडेवारी पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, पाळीच्या काळात स्वच्छ साधने वापरणाऱ्या १५ ते २४ वयोगटातील स्त्रियांचे देशातील प्रमाण २०१५-१६ मध्ये ५७.६ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ७७.३ टक्के झाले. झाशी ज्या राज्यात आहे त्या उत्तर प्रदेशात हेच प्रमाण सुमारे ४७ टक्क्यांवरून सुमारे ७३ टक्क्यांवर गेले. ही प्रगती निर्विवाद होय. शिक्षणाचा प्रभावही त्यात स्पष्ट दिसतो : बारा वा अधिक वर्षे शिकलेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ९० टक्के, तर शाळेत न गेलेल्यांमध्ये सुमारे ४४ टक्के आहे. तथापि हा निर्देशांक साधनाचा आहे, ज्ञानाचा नव्हे. मुलीला किती वेदना होतात, रक्तस्राव किती होतो आणि त्यातले काय नैसर्गिक व काय आजाराचे लक्षण, हे तिला उमगते की नाही, याचे उत्तर त्यात मिळत नाही.

पाळीच्या वेळी ओटीपोटात कळा येतात, त्यामागे प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये असतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचे स्नायू आकुंचन पावतात. कंबरदुखी, मळमळ किंवा जुलाब हे त्रासही त्यामुळेच होऊ शकतात. हे दुखणे बहुधा दोन-तीन दिवसांत शमते. शेक, हलका व्यायाम आणि वैद्यकीय सल्ल्याने घेतलेले वेदनाशामक औषध यांनी आराम पडतो. म्हणजेच वेदना मुकाट्याने सोसणे हा स्त्रीधर्म नव्हे. तिच्यावर उपाय आहे.

मात्र काही लक्षणे दुर्लक्षिण्याजोगी नसतात. रक्तस्राव सात दिवसांहून अधिक टिकणे, दर एक-दोन तासांनी पॅड बदलावा लागणे, तीन महिन्यांहून अधिक काळ पाळी न येणे, पंधराव्या वर्षापर्यंत ती सुरूच न होणे, किंवा वेदना वर्षागणिक वाढत जाऊन शाळा-कॉलेज बुडणे. अशा वेळी डॉक्टरांकडे जाणे आवश्यक ठरते. एंडोमेट्रिऑसिससारख्या विकाराचे निदान अनेकदा कित्येक वर्षे लांबते. ‘पाळीत दुखायचेच’ ही समजूत त्याचे एक कारण आहे.

याचा रक्तक्षयाशीही संबंध आहे. १५ ते १९ वयोगटातील रक्तक्षयी मुलींचे देशातील प्रमाण वरील दोन सर्वेक्षणांदरम्यान ५४.१ वरून ५९.१ टक्के झाले. अपुरा आहार व जंत ही त्याची कारणे आहेतच. पण दरमहा होणारा अतिरिक्त रक्तस्राव शरीरातील लोह आणखी घटवतो. एकीकडे पॅड वापरणाऱ्या मुली वाढल्या आणि दुसरीकडे रक्तक्षयही वाढला, ही बाब धोरणकर्त्यांनी विचारात घ्यावी अशीच आहे.

बुंदेलखंडात पाण्याचे दुर्भिक्ष हा आणखी एक पैलू. कापड वापरणे मुळात अस्वच्छ नाही. साबणाने धुऊन ते कडक उन्हात वाळवले तर चालते. परंतु उन्हाळ्यात हातपंप आटतात, आणि लज्जेपोटी कापड अंधाऱ्या कोपऱ्यात वाळत घातले जाते. अशा ठिकाणी पाणीपुरवठा हाही आरोग्याचाच कार्यक्रम ठरतो.

शासनाने या क्षेत्रात टप्प्याटप्प्याने पावले उचलली. २०११ मध्ये ग्रामीण किशोरींसाठी आशा कार्यकर्तीमार्फत सहा रुपयांत सहा पॅड देणारी योजना निवडक जिल्ह्यांत सुरू झाली. जानेवारी २०१४ मध्ये १० ते १९ वयोगटासाठी राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आला. जुलै २०१८ मध्ये पॅडवरील वस्तू व सेवा कर रद्द झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये जनौषधी केंद्रांतील पॅडची किंमत एक रुपया करण्यात आली. यांतील बहुतेक उपायांचा भर साधनाच्या उपलब्धतेवर होता, हे लक्षात येईल.

यापुढचे पाऊल ज्ञानाचे असले पाहिजे. पहिली पाळी येण्यापूर्वीच मुलीला तिची माहिती मिळावी. शिक्षिका व आशा कार्यकर्ती यांनी पॅडसोबत धोक्याची लक्षणेही सांगावीत. हा धडा मुलग्यांनाही शिकवला जावा, कारण उद्याचे पती, पिता आणि अधिकारी तेच आहेत. उद्या प्रशासनात जाणाऱ्यांनी जिल्ह्याचा आढावा घेताना पॅड किती वाटले एवढेच विचारू नये. त्रास होणाऱ्या किती मुली दवाखान्यापर्यंत पोहोचल्या, हेही विचारावे. त्या उत्तरावरूनच योजनेचे खरे यश कळेल.