मोहलत

एकाचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवलं आणि माणूस बरा होऊन घरी गेला, या बातमीचं आता आपल्याला नवल वाटत नाही. पण हे काम माणसावर ज्यानं पहिल्यांदा केलं, त्याचा रुग्ण जेमतेम दोन दिवस जगला. त्या युक्रेनी सर्जनचं नाव युरी वोरोनोय.

वोरोनोय यांचा जन्म १८९५ सालचा, पोल्टावा प्रांतातला. वडील जॉर्गी वोरोनोय मोठे गणिती. मुलगा मात्र वैद्यकाकडे वळला. रक्तवाहिन्या सुईदोऱ्यानं जोडायची रीत फ्रेंच सर्जन अलेक्सी कारेल यांनी बसवून दिली होती. त्यासाठी १९१२ साली त्यांना नोबेलही मिळालं होतं. या विद्येमुळे अवयव एका जागेवरून काढून दुसरीकडे जोडणं शक्य वाटू लागलं. १९०६ साली फ्रान्समधल्या ल्यों शहरात डुकराचं आणि शेळीचं मूत्रपिंड माणसाला जोडून पाहिलं होतं. ते जमलं नाही. वोरोनोय यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग करून हात बसवला.

३ एप्रिल १९३३. नीपर नदीकाठचं खेरसन शहर. युक्रेनमध्ये तेव्हा भीषण दुष्काळ होता, लाखो माणसं उपासमारीनं मरत होती. अशा दिवसांत सव्वीस वर्षांची एक तरुणी रुग्णालयात आली. जीव देण्यासाठी तिनं पाऱ्याचा विषारी क्षार घेतला होता. लघवी बंद झाली होती. डोक्याला मार लागून वारलेल्या साठ वर्षांच्या एका माणसाचं मूत्रपिंड वोरोनोय यांनी काढलं आणि तिच्या मांडीत, तिथल्या रक्तवाहिन्यांना जोडलं. भूल फक्त तेवढ्या जागेपुरती दिलेली. चिमटे सोडताच मूत्रपिंडात रक्त खेळलं आणि लघवीचे थेंब आले. पण पुढे ते काम मंदावत गेलं, आणि दोन दिवसांनी ती तरुणी गेली.

आज कारणं स्पष्ट दिसतात. दात्याचा रक्तगट बी, तिचा ओ. शिवाय मूत्रपिंड मृत्यूनंतर सहा तासांनी काढलेलं. शरीर परका अवयव का नाकारतं, हे तेव्हा नीट उमगलेलंही नव्हतं. वोरोनोय यांनी पुढेही असे प्रयत्न केले, पण एकही मूत्रपिंड टिकलं नाही.

मग या माणसाची आठवण का ठेवायची? मला थांबवून धरतो तो त्यांचा हेतू. ते नवं मूत्रपिंड जन्मभर चालावं, ही त्यांची अपेक्षाच नव्हती. विषानं बंद पडलेली मूत्रपिंडं काही दिवसांनी पुन्हा चालू होऊ शकतात. तेवढे दिवस कुणीतरी त्यांचं काम करायला हवं, असा त्यांचा हिशेब होता. आपल्या बोलीत यासाठी नेमका शब्द आहे: मोहलत. सावकाराकडे मागतात ती. वोरोनोय यांनी ती मृत्यूकडे मागितली, आणि तीही जिला जगायचंच नव्हतं तिच्यासाठी.

हिशेब बरोबर होता, साधन दुसरं हवं होतं. १९४५ साली हॉलंडमध्ये विलेम कोल्फ यांनी लाकडी पिंपावर सेलोफेनची नळी गुंडाळून केलेल्या यंत्रानं एका स्त्रीचं रक्त शुद्ध केलं. तिची मूत्रपिंडं पुन्हा चालू झाली आणि ती वाचली. हेच ते डायलिसिस. १९५४ साली अमेरिकेत बोस्टन इथं जोसेफ मरे यांनी एका जुळ्या भावाचं मूत्रपिंड दुसऱ्याला बसवलं. दोघांची शरीरं एकसारखी असल्यामुळे ते परकं ठरलं नाही आणि कित्येक वर्षं चाललं. आपल्याकडे पहिला प्रयत्न १९६५ साली मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात झाला, पहिलं यश १९७१ साली वेल्लोरला आलं. मुंबईतही मूत्रपिंड मृत दात्याचंच होतं, आणि तिथंही रुग्ण वाचला नाही.

वोरोनोय यांनी आपला अनुभव १९३६ साली माद्रिदच्या एका वैद्यकीय नियतकालिकात स्पॅनिश भाषेत छापला. रक्तगट जुळत नव्हता, रुग्ण दगावली, सगळं नोंदवलं. यशाची जाहिरात कुणीही करतो. अपयशाची तपशीलवार नोंद ठेवणारा डॉक्टर पुढच्याचं काम सोपं करतो.

उरतो तो साठ वर्षांचा मृत माणूस. त्याच्या शरीरातला एक अवयव त्याच्यामागे दोन दिवस एका अनोळखी तरुणीच्या मांडीत राहिला. मृतदेहातून काही काढू द्यावं का, असं आमच्या समाजात मला अनेकदा विचारलं जातं. जेद्दा इथल्या फिक्ह अकादमीनं १९८८ साली काही अटी घालून अवयवदानाला मान्यता दिली, हे मी त्यांना सांगतो. पण फतव्यानं प्रश्न संपत नाही. रुग्णालयाच्या व्हरांड्यात, घरातलं माणूस नुकतंच गेलेलं असताना, डोळे पुसत, सही करायची असते. ज्यांनी ती केली, त्यांच्यामुळे आज कुणाचा तरी बाप पोरीच्या लग्नाला उभा राहतो. घरात हे बोलणं सगळे धडधाकट असतानाच व्हावं. त्या व्हरांड्यात बोलायला वेळ नसतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)