रानातली शीव
(तळा येथे विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



कुड्याची २६ लेणी आपण सर्वांनी पाहिली आहेत. वैद्य, माळी, लोखंडाचा व्यापारी, भिक्खुणी अशा साध्या माणसांच्या दानांची नोंद तेथील शिलालेखांत आहे. परंतु आज आम्ही लेण्यांविषयी नव्हे, रानातल्या जुन्या सीमांविषयी बोलणार आहोत.

विनयपिटकातील महावग्गात संघाची सीमा ठरविण्यासाठी आठ खुणा सांगितल्या आहेत : डोंगर, दगड, वन, झाड, वाट, वारूळ, नदी आणि पाणी. या सीमेच्या आतील भिक्खू उपोसथासाठी एकत्र येत. म्हणजे ही सीमा माणसे जोडणारी होती. नाशिकच्या लेण्यांतील लेखात गौतमीपुत्र सातकर्णीने आधी दिलेले शेत पडीक राहिले म्हणून नगराच्या सीमेवरील १०० निवर्तने शेत भिक्खूंना दिल्याची नोंद आहे. त्याच 'सीमा' शब्दापासून आपली 'शीव' आली.

ही शीव आमच्या पूर्वजांनी राखली. शिवेचा तंटा निघाला की महाराची साक्ष घेतली जाई. आणि त्याच महाराचे घर मात्र गावकुसाबाहेर! बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल मांडले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली. जोखड गेले, उत्तम झाले. पण आजोबांचे ज्ञानही त्याबरोबर जावे काय?

शेतात नांगर फिरतो, बांध सरकतो. रानात नांगर नाही, म्हणून जुना गडगा, मातीचा बांध, शिवेचा धोंडा झाडीत टिकून राहतो. परंतु एकदा सहलीत आम्हीच अशा गडग्याचे दगड काढून चूल मांडली होती. घरी आल्यावर म्हातारे म्हणाले, "अरे, ती दोन गावांची शीव होती!" ती लाज आजही वाटते.

संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामास मनाई आहे; त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. पण दूर रानातल्या गडग्याला कोण वाली? विद्यार्थी मित्रांनो, वडीलधाऱ्यांना सोबत घेऊन रानात जा. खूण कोठे आहे, तिला काय म्हणतात, ते वहीत लिहा. दगड हलवू नका. ज्यांना गावाने गावकुसाबाहेर ठेवले, त्यांनीच शिवेचा इतिहास जपला, हे पुढच्या पिढीला पुराव्यानिशी सांगता आले पाहिजे.

एवढे बोलून आम्ही आमचे भाषण संपवितो. नमो बुद्धाय! जय भीम!